तुम्ही विचारलंत म्हणून: रक्त तपासून डिप्रेशन कळतं का?

मी मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या मशीनवर, काम करते हे कळलं, की कोल्हापुरात पुढचा प्रश्न ठरलेला: "मग रक्त तपासून डिप्रेशन कळतं का हो?" परवा राजारामपुरीतल्या एका काकूंनी तर मुलाचा रिपोर्टच मोबाइलवर पुढं केला. "सेरोटोनिन कमी आलंय बघा की!"

नाही कळत. सेरोटोनिन हे मेंदूत निरोप पोचवणारं रसायन खरं, पण रक्तातलं सेरोटोनिन बहुतेक आतड्यात बनतं, प्लेटलेट्समध्ये साठतं आणि मेंदूत शिरत नाही. त्यात मुलाला डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या चालू. या गोळ्या प्लेटलेट्सना सेरोटोनिन उचलूच देत नाहीत, म्हणजे आकडा खाली येणारच. असले महागडे 'पॅनेल' विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मग आम्ही मोजतो काय? डाळ, दूध, मटण यांतून येणाऱ्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची वाट. त्याचा अगदी थोडा भाग सेरोटोनिनकडं जातो, बराचसा कायन्युरेनिन नावाच्या दुसऱ्या रसायनाकडं. शरीरात दाह असला की ही दुसरी वाट आणखी वाहती होते. हेपटायटिस सी साठी इंटरफेरॉन हे दाह चेतवणारं औषध घेणारे कितीतरी रुग्ण उपचार चालू असतानाच खचायचे, त्यातून या वाटेकडं लक्ष गेलं. पुढं तिच्यातून क्विनोलिनिक अ‍ॅसिड बनतं, ते चेतापेशींना डिवचतं; कायन्युरेनिक अ‍ॅसिड त्याच जागी आवर घालतं.

प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्ताच्या द्रवात, गार मिथेनॉल घातलं की प्रथिनं पांढरी होऊन तळाशी बसतात. वरचं निवळ मशीनमध्ये जातं. तिथं वजनाच्या आकड्यांत ट्रिप्टोफॅन २०५ वर दिसतं, फोडलं की अमोनिया गमावून १८८ वर येतं. कायन्युरेनिन २०९ वरून १९२ वर. जड हायड्रोजन घातलेलं ट्रिप्टोफॅन आधीच मोजून मिसळलेलं असतं, त्याच्याशी ताडून आकडा काढायचा. रक्त मात्र उपाशीपोटीच हवं. आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा उशिरापर्यंत ओरपून आलेला माणूस आमचा तक्ता बिघडवतो.

इतकं करूनही निदान होत नाही. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. कायन्युरेनिनला अशी खूण कुणी मारलेली नाही, आणि नुसत्या पातळीवरून पाणी किती आलं नि किती गेलं तेही कळत नाही. रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या सरासरीत फरक दिसतो, पण दोन्हींचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की समोरच्या एकट्या माणसाबद्दल बोलायची सोय नाही. आजाराची मुळं शोधायला ते उपयोगी आहे, तुमच्या मुलाचा आजार ठरवायला नाही.

मानसोपचारतज्ज्ञ रक्त तपासायला सांगतात ते वेगळ्या कारणानं. थायरॉइड किंवा बी-१२ मुळं तर हे होत नाही ना, एवढं बघायला. मूड स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध चालू असेल तर त्याची पातळी बघायला. तेव्हा रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी रक्त द्यायचं आणि सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यायची.