सामर्राचा राजवाडा वॉशिंग्टनमध्ये पाहताना

इराकमधील सामर्रा येथे अब्बासी खलिफांचा जो राजवाडा 1911 ते 1913 या काळात उत्खननातून बाहेर आला, तो पाहण्यासाठी मी गेल्या शरद ऋतूत अमेरिकेतील वॉशिंग्टनला गेलो होतो. यात ठिकाणांची गल्लत झालेली नाही. तायग्रिस नदीकाठी आजही त्या राजवाड्याचे तीन कमानींचे प्रवेशद्वार उभे आहे, परंतु उत्खननाच्या वेळी मिळालेली रंगीत भित्तिचित्रे, गिलाव्यावरील नक्षी आणि दालनांच्या भिंतींचे तपशील त्या जागी आता पाहायला मिळत नाहीत. ते मिळतात उत्खनन करणाऱ्या एर्न्स्ट हर्झफेल्ड यांच्या वह्यांत, आणि त्या वह्या स्मिथसोनियन संस्थेच्या नॅशनल म्युझियम ऑफ एशियन आर्ट या संग्रहालयाच्या अभिलेखागारात जपलेल्या आहेत. पुण्यातील जुन्या वाड्यांची मोजमापे घेऊन नकाशे काढण्याचे काम मी गेली अनेक वर्षे करीत आहे. दुसऱ्या एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी हेच काम किती निगुतीने केले, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, ही या प्रवासामागची इच्छा होती.

आधी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी, कारण तिच्याशिवाय ही रेखाटने पाहण्यात फारसा अर्थ उरत नाही. खलिफा अल-मुअतसिम याने 836 मध्ये बगदाद सोडून सामर्रा ही नवी राजधानी वसवली आणि 892 मध्ये दरबार पुन्हा बगदादला परतला. म्हणजे अवघ्या 56 वर्षांत तायग्रिसच्या काठाने मैलोन्‌मैल पसरलेले नगर उभे राहिले आणि ओसही पडले. मुख्य राजवाड्याचा, म्हणजे ‘दार अल-खिलाफा’चा विस्तारच सुमारे 125 हेक्टर होता. एवढे बांधकाम इतक्या घाईने दगडात करणे शक्य नव्हते. भिंती कच्च्या आणि भाजलेल्या विटांच्या होत्या आणि त्यांचा ओबडधोबडपणा झाकण्यासाठी त्यांवर जिप्समचा नक्षीदार गिलावा चढवला जाई. या गिलाव्याचे हर्झफेल्ड यांनी तीन शैलींत वर्गीकरण केले. त्यांपैकी तिरक्या कापाची शैली मला सर्वांत विलक्षण वाटते, कारण तिच्यात पार्श्वभूमी आणि आकृती असा भेदच राहत नाही. एक वळण संपते तेथेच दुसरे सुरू होते. नक्षीच्या कडा उभ्या न कापता उतरत्या ठेवल्या की लाकडी साचा ओल्या गिलाव्यातून अलगद सुटतो आणि त्यामुळे भिंतीमागून भिंत भराभर सजवता येते. घाईतून आलेली ही सोय पुढे स्वतःच एक सौंदर्यदृष्टी झाली आणि लाकडावर व दगडावरही उतरली. हर्झफेल्ड यांनी याच शैलीला पहिला क्रमांक दिला होता. पुढच्या अभ्यासकांनी क्रम उलटा लावून तिला शेवटी ठेवले. हर्झफेल्ड यांची टिपणे वाचताना हा फरक ध्यानात ठेवला नाही, तर मोठा गोंधळ उडतो.

हर्झफेल्ड यांचे शिक्षण वास्तुविशारदाचे होते आणि ते कागदावर लगेच जाणवते. 1879 मध्ये जन्मलेल्या या जर्मन संशोधकाने सामर्राला येण्यापूर्वी असुर या प्राचीन ॲसिरियन नगरातील उत्खननात काम केले होते आणि कला-इतिहासकार फ्रीडरिश झारे यांच्यासमवेत युफ्रेटिस व तायग्रिसच्या खोऱ्यांतून प्रवास केला होता. सामर्राच्या दुसऱ्या मोहिमेत त्यांनी मुख्य राजवाड्यावर लक्ष केंद्रित केले. त्यानंतर वर्षभरातच महायुद्ध सुरू झाले. पेट्यांत भरलेल्या वस्तू सामर्रातच अडकल्या, 1917 मध्ये ब्रिटिश सैन्याने ते शहर घेतले आणि पुढे त्या पेट्या लंडनला पोहोचून त्यांतील तुकडे अनेक देशांच्या संग्रहालयांत वाटले गेले. या सगळ्या हलवाहलवीत बरेच काही नष्टही झाले. कित्येक चित्रांच्या बाबतीत आज हर्झफेल्ड यांचे जलरंग आणि छायाचित्रे एवढाच पुरावा उरलेला आहे. ज्यू वंशाचे असल्यामुळे नाझी राजवटीत त्यांना 1935 मध्ये पद गमवावे लागले, ते अमेरिकेत प्रिन्स्टनला आले आणि 1946 मध्ये त्यांनी आपली कागदपत्रे वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीला, म्हणजे आजच्या नॅशनल म्युझियम ऑफ एशियन आर्टचाच भाग असलेल्या संग्रहालयाला, दिली. दोन वर्षांनी त्यांचे निधन झाले.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. हा संग्रह पाहण्यासाठी आधी वेळ ठरवून घ्यावी लागते, आणि येथेच माझी चूक झाली. मी पहिल्या पत्रात ‘सामर्राची सर्व रेखाटने पाहायची आहेत’ एवढेच लिहिले होते. असा मोघम आग्रह कोणत्याही अभिलेखागारात उपयोगी पडत नाही. संग्रहाची सविस्तर सूची संकेतस्थळावर आहे आणि वह्या, रेखाटने व छायाचित्रे यांच्या मोठ्या भागाच्या डिजिटल प्रतीही तेथे मोफत पाहता येतात. मी ते काम आधी केले असते, तर पत्रव्यवहारातले दहा दिवस वाचले असते. म्हणून पुढे जाणाऱ्यांना माझे सांगणे असे की, घरी बसून किमान पंधरवडा या डिजिटल प्रती पाहाव्यात, हव्या असलेल्या कागदांचे सूचीतील क्रमांक लिहून ठेवावेत आणि मगच पत्र पाठवावे. ‘हा विशिष्ट कागद मूळ स्वरूपातच का पाहायचा आहे’ याचे दोन ओळींत कारण द्यावे, कारण नाजूक कागद वारंवार हाताळू न देणे योग्यच आहे. माझे कारण असे होते की, पेन्सिलीचा दाब आणि खोडल्याच्या खुणा पडद्यावर नीट दिसत नाहीत. ते कारण मान्य झाले आणि मोजकेच, पण मला हवे होते ते कागद समोर आले.

वाचनकक्षात जाताना पेन्सिल न्यावी. शाईचे पेन चालत नाही. पिशवी, पाण्याची बाटली आणि खाण्याचे पदार्थ बाहेर ठेवावे लागतात. छायाचित्रे घेण्याचे नियम आधीच विचारून घ्यावेत. टिपा जर्मन भाषेत आणि बारीक अक्षरांत आहेत. जर्मन येत नसेल, तर निदान वास्तुरचनेशी संबंधित शब्दांची एक यादी सोबत असावी, म्हणजे भिंत, कमान, घुमट, वीट, तुकडा आणि रंगांची नावे. माझ्या वहीतील अशा चाळीसएक शब्दांनी मला पुष्कळ हात दिला.

त्या कागदांपुढे मी तीन तास बसलो होतो. आमच्या कामात एक नियम आहे: जे उभे आहे ते सलग रेघेने काढायचे आणि जे पडले आहे, पण असावे असा तर्क आहे, ते तुटक रेघेने. हा नियम सुटला की नकाशा कितीही देखणा असो, तो पुढच्या माणसाची दिशाभूल करतो. हर्झफेल्ड यांची रेखाटने मी याच नजरेने पाहत होतो. जागेवर घाईने काढलेल्या रेखाटनांत मापांचे आकडे रेघांवर दाटीने बसलेले असतात, कागद मळलेला असतो आणि माणूस जे दिसते आहे त्याच्याशी प्रामाणिक असतो. छपाईसाठी तयार केलेल्या चित्रांत मात्र हात अधिक मोकळा होतो. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे दोन नर्तकींचे चित्र: लांब वेण्या, एकमेकींत गुंफलेले हात आणि मस्तकांमागून दुसरीच्या प्याल्यात मद्य ओतणारी सुरई. इस्लामी कलेवरील कितीतरी पुस्तकांत हे चित्र अब्बासी दरबाराचा नमुना म्हणून छापले जाते, आणि ते मूळ भिंतीचे छायाचित्र नसून तुकड्यांवरून हर्झफेल्ड यांनी पूर्ण केलेली आकृती आहे, हे वाचकाच्या लक्षातही येत नाही. त्यांनी हे काम कपटाने केले असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यांच्यापाशी छायाचित्रेही होती आणि ती त्यांनी जपून ठेवली, म्हणूनच आज आपल्याला तपासणी करता येते. पण पाहणाऱ्याने क्रम पाळावा: आधी तुकड्याचे छायाचित्र, मग वहीतील रेखाटन, मग जलरंग आणि सर्वांत शेवटी छापील चित्र. मी हा क्रम दुसऱ्या फेरीत पाळला आणि पहिल्या फेरीत निसटलेल्या गोष्टी तेव्हा कोठे दिसू लागल्या.

राजवाड्याच्या मुख्य नकाशाबाबतही हीच सावधगिरी हवी. हर्झफेल्ड यांनी संपूर्ण समूहाला ‘जौसक अल-खाकानी’ म्हटले, तर पुरातत्त्वज्ञ ॲलस्टेअर नॉर्थेज यांच्या पुढील काळातील सर्वेक्षणातून दरबाराचा सार्वजनिक राजवाडा आणि खलिफाचे खासगी निवासस्थान असे दोन वेगळे भाग स्पष्ट झाले. हर्झफेल्ड यांचा नकाशा समोर ठेवून नॉर्थेज यांचा नकाशा शेजारी पाहिला, तर शंभर वर्षांत समज कसा बदलला ते एका दृष्टिक्षेपात कळते. दोन्हींच्या छापील प्रती सोबत नेणे उत्तम.

एक गोष्ट मनाला विशेष भिडली. सामर्राच्या बांधकामासाठी बसऱ्याहून जे लाकूड आणवले गेले, त्यात साग होता असे नवव्या शतकातील भूगोलकार अल-याकुबी याने नोंदवले आहे. बसऱ्याच्या बंदरात साग उतरायचा तो हिंदी महासागरापलीकडून, आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या व्यापारातून. अरबीत सागाला ‘साज’ म्हणतात. वाड्यांतल्या सागवानी खांबांवर आयुष्य घालवलेल्या माणसाने दूरच्या खलिफाच्या राजवाड्यात तेच लाकूड भेटल्यावर क्षणभर थांबावे, हे साहजिक होते.

संग्रहालयात पोहोचणे सोपे आहे. मेट्रोचे स्मिथसोनियन स्थानक अगदी जवळ असून निळी, केशरी आणि चंदेरी मार्गिका तेथे थांबतात. प्रवेश विनामूल्य आहे. अमेरिकन सरकारचा अर्थसंकल्प वेळेत मंजूर झाला नाही, तर स्मिथसोनियनची संग्रहालये बंद होऊ शकतात. तेथील सरकारी आर्थिक वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होते, म्हणून भेट त्या सुमारास असेल, तर विमानाचे तिकीट बदलता येईल असेच घ्यावे. हर्झफेल्ड यांच्या कागदपत्रांचा एक भाग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही आहे. त्यासाठी वेगळा पत्रव्यवहार करावा लागतो.

मुंबईहून लंडनमार्गे जाणाऱ्यांनी परतीच्या वाटेवर लंडनला एक दिवस थांबावे. ब्रिटिश म्युझियमच्या इस्लामी दालनात, म्हणजे 42 आणि 43 क्रमांकाच्या खोल्यांत, सामर्राचे मूळ तुकडे आहेत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहातही त्या गिलाव्याचे नमुने आहेत. रेखाटने आधी आणि तुकडे नंतर, या क्रमाने गेल्यास मोठा लाभ होतो. काचेपलीकडील हातभर लांबीच्या गिलाव्यात ती तिरकी उतार असलेली कड मला लगेच ओळखू आली, आणि तिच्यावर बाजूने प्रकाश पडावा म्हणून मी दालनात बराच वेळ जागा बदलत उभा होतो.