हात आपोआप वर

शनिवारी बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तीन मजले चढलो (लिफ्ट बंद, नेहमीचंच), पिशव्या ओट्यावर टेकवल्या आणि हात असे हलके झाले की आता तरंगतायत का काय. आणि मला एकदम गावभागातल्या आमच्या वाड्याची चौकट आठवली.

दादा आम्हाला उंबऱ्यात उभं करायचा. तळहात मांडीकडे, पालथ्या हातांनी दोन्हीकडची चौकट बाहेर ढकलायची, तो साठ म्हणेपर्यंत सोडायचं नाही, आणि पठ्ठ्या चाळीसनंतर मुद्दाम रेंगाळायचा. मग पुढं यायचं, हात सैल. एक-दोन सेकंद काहीच नाही, आणि मग हात आपोआप वर जायला लागायचे, आपण न उचलता! धाकटी तर रडलीच, भूत म्हणून. आजीला त्याचं काही नाही, तिचं एकच, तिन्हीसांजेला उंबऱ्यात उभं राहू नका रे.

आता कळतं की १९१५ सालीच कोनश्टाम नावाच्या जर्मन डॉक्टरनं हे लिहून ठेवलंय. आपण जोर थांबवला तरी स्नायूला हुकूम थोडा वेळ जातच राहतो म्हणे. म्हणजे दादाचा शोध नव्हता तो.

मागं आप्पांना मिरजेला नेलं होतं नसांच्या टेस्टला, पायात ताकद नाही म्हणायचे. करंगळीखाली पट्टी चिकटवली, मनगटावर शॉक, स्क्रीनवर स्नायूच्या प्रतिसादाची एक लाट. मग डॉक्टर म्हणाले, करंगळी बाहेर ताणा, दहा सेकंद, पूर्ण जोर. परत शॉक. लॅम्बर्ट-ईटन म्हणून एक आजार असतो, त्यात पहिली लाट बुटकी येते, पण जोर लावला की नसेच्या टोकाला कॅल्शियम साठतं, स्नायूला निरोप देणारं रसायन जास्त सुटतं आणि लाट दुपटीच्या वर जाते. चांगल्या नसेत मुळात भरपूर शिल्लक असते, त्यामुळं फारसा फरक पडत नाही.

आप्पांची लाट होती तेवढीच राहिली. मी सुटकेचा श्वास टाकला, तर तालमीतला माणूस हिरमुसला की! "वाढली न्हाई होय? थांबा डॉक्टर, अजून एकदा लावतो जोर."

वाडा गेला, फ्लॅटची चौकट अरुंद आहे, कोपर नीट बसत नाही. तरी परवा उभा राहिलो. पस्तीसपर्यंत मोजलं आणि बेल वाजली, दूधवाला.