गोट्या ऑगस्टपासून

शनिवार, जूनचा शेवटचा आठवडा

पहिलीची रडारड ओसरली. व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग लागायला लागली. आता हाऊसवाटपाची, म्हणजे शाळेतल्या मुलांचे चार गट पाडायची वेळ.

हाऊस हा शब्द इंग्लंडमधल्या निवासी शाळांचा. तिथे मुलं खरोखरच वेगवेगळ्या घरांत राहत. आपल्या दोन अधिवेशनांच्या, म्हणजे सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांच्या शाळेत सकाळचा वर्ग दुपारी दुसऱ्यांचा होतो, बाकसुद्धा आपला राहत नाही. म्हणून इथे हाऊसची गरज जास्त आहे. पण फळ्यावर गुण मांडले की हाऊस तयार होतं, हा समज मुळातच चुकीचा. ज्या गटात आपलं काही काम नाही, त्या गटासाठी सहा वर्षांचं मूल शहाण्यासारखं का वागेल?

नावं मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांची: विहार, तुळशी, तानसा, भातसा. पावसाळ्यात तलावांच्या पातळीची बातमी पेपरात येतेच. ती परिपाठात त्या त्या हाऊसने वाचायची. ‘आपला तुळशी भरला’ म्हणताना पहिलीतलं पोर कसं ताठ उभं राहतं, ते बघण्यासारखं असतं.

वाटप चिठ्ठ्यांनीच, पण सरसकट नाही. प्रत्येक वर्गात जास्त लक्ष लागणारी मुलं आधी चार हाऊसांत विभागायची, नाहीतर चिठ्ठ्यांत तिघं एकत्र येतात आणि ते हाऊस जूनमध्येच बदनाम होतं. मग मुली आणि मुलगे यांच्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या. सख्खी भावंडं एकाच हाऊसात, घरात दोन पक्ष नकोत. एकदा मिळालेलं हाऊस चौथीपर्यंत तेच.

रंगीत टी-शर्ट नकोत, तो खर्च सगळ्यांना झेपत नाही. हाऊसच्या रंगाची 15 सेंटिमीटर रिबीन पुरते. 120 मुलांना 18 मीटर, म्हणजे एका रंगाला साडेचार. पहिली-दुसरीला सेफ्टी पिन टोचते, त्यांना इलॅस्टिक शिवून मनगटावर. रिबिनीवर वि, तु, ता, भा हे अक्षर मार्करने लिहायचंच. काही मुलांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

जुलैभर गुण नाहीत, फक्त कामं. महिन्यातला एक आठवडा एका हाऊसचा: प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, पोषण आहाराच्या वेळी हात धुण्याची रांग, छत्र्यांची रांग. चौथीच्या प्रत्येक मुलामागे पहिलीचं एक. डब्याचं झाकण उघडून देणं, नाडी बांधणं, शाळा सुटल्यावर फाटकापर्यंत नेणं. आपलेपणा इथे रुजतो.

ऑगस्टपासून गोट्या. दुसऱ्या अधिवेशनाची मुलं फळा पुसून टाकतात, म्हणून एका गुणाची एक गोटी, ती त्या हाऊसच्या बरणीत, आणि बरण्या कुलूपबंद कपाटात. चारही एकाच मापाच्या हव्यात. अरुंद बरणीत कमी गोट्या जास्त दिसतात आणि मुलं लगेच भांडतात. एक लिटरच्या बरणीत 16 मिलिमीटरच्या पावणेतीनशेच्या आसपास मावतात. चिंचोके फुकट मिळतात खरे, पण पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते.

प्रत्येक शिक्षकाला आठवड्याला 20 गोट्या, शनिवारपर्यंत संपवायच्याच. हा नियम नसला की एक बाई मूठमूठ वाटतात, दुसऱ्यांचा हातच सुटत नाही. एका वेळी एकच गोटी, तिथल्या तिथे, आणि कारण मोठ्याने: ‘सांडलेलं पाणी न सांगता पुसलंस, भातसाला एक.’ नुसतं ‘शाब्बास’ म्हटलं तर बाकीच्यांना काय करायचं ते कळत नाही. वेळेवर येण्याला गोटी नाही. बस चुकली, लोकल उशिरा आली, यात दुसरीतल्या मुलाचा काय दोष?

दिलेली गोटी परत काढायची नाही. यावर आमच्यात दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी हेच ठरतं. एकाच्या चुकीपायी गोटी गेली की हाऊसातली 29 मुलं त्याच्याकडे वळून बघतात. मधल्या सुट्टीत त्याला खेळायला कुणी घेत नाही. ज्याला हाऊसची सगळ्यात जास्त गरज, तोच बाहेर पडतो. त्याच्या चुकीचं त्याच्याशी एकट्याने बोलावं.

महिनाअखेरीस मोजणी चौथीने करायची. एका हाऊसात 31 आणि दुसऱ्यात 28 मुलं असतील तर एकूण गोट्यांना मुलांच्या संख्येने भागायचं. भागाकाराचा सराव आयताच होतो. मग बरण्या रिकाम्या. वर्षभर बेरीज चालू ठेवली तर मागे पडलेलं हाऊस दिवाळीपर्यंत नाद सोडून देतं. बक्षीस वस्तूचं नको. जिंकलेल्या हाऊसने पुढच्या शनिवारचा खेळ निवडायचा, खेळायचं मात्र सगळ्यांनी.

प्रत्येक रंगाच्या रिबिनीचे दोन तुकडे जास्तीचे कापून ठेवायचे. नोव्हेंबरात कुणीतरी नवं दाखल होतंच. ज्या हाऊसात मुलं कमी, तिथे ते जातं, आणि रिबीन बाईंनी नाही, त्या हाऊसच्या चौथीतल्या मुलाने लावायची, परिपाठात, सगळ्यांसमोर.