आधी कमोड, मग टाइल्स

पुण्यात जुन्या फ्लॅटांच्या नूतनीकरणाची कामं करते म्हटलं, की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग टाइल्स कुठल्या घ्यायच्या?" मोबाइलमध्ये तोवर फोटोंचा ढीग जमलेला असतो. मी उलट विचारते, "कमोड ठरला का?" काहींना वाटतं मी विषय टाळतेय. काहींना वाटतं माझं कुठल्यातरी सॅनिटरीवाल्याशी साटंलोटं आहे.

टाइल्सच्या आधी कमोड का, असं तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. टाइल नाही आवडली तर वर्षभर मन खट्टू होतं आणि मग सवय होते. टाइलच्या मागची वस्तू चुकली तर आवडलेली टाइल फोडावी लागते, आणि तोवर त्या शेडचा माल बाजारातून गेलेला असतो. त्यामुळे भिंतीत आणि फरशीखाली जे जे गाडलं जाणार, ते आधी ठरवायचं. नुसतं ठरवायचं नाही, तर विकत घेऊन साइटवर आणून ठेवायचं. कॅटलॉगचं पान दाखवून प्लंबर काम करत नाही, वस्तू हातात घेऊन करतो.

कमोडचंच बघा. मैला जमिनीतून खाली जाणार की भिंतीतून मागे, हे जुन्या इमारतीत तुमच्या हातात नसतं. डक्टमधला, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतला पाइप जिथे आहे तिथे आहे. जमिनीत जाणारा तो एस ट्रॅप, भिंतीत जाणारा तो पी ट्रॅप. एस ट्रॅप असेल तर भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. दुकानात साधारण १००, २२५ आणि ३०० मिलिमीटरचे कमोड मिळतात. मेख अशी, की हे अंतर तयार भिंतीपासूनचं असतं, म्हणजे टाइल लागल्यानंतरचं. टाइल्स काढून टाकलेल्या उघड्या विटेपासून टेप लावला आणि २२५ आलं म्हणून २२५ चा कमोड आणला, तर नवा गिलावा आणि टाइल मिळून त्यातले ३०-४० मिलिमीटर सहज खातात. मग कमोड मागे सरकत नाही. मिस्त्री "होऊन जाईल, ताई" म्हणतो आणि मध्ये एक वाकडा तुकडा घालून बसवतोही. तो तुकडा पुढे दर दोन महिन्यांनी तुंबतो, तेव्हा मिस्त्री दुसऱ्या साइटवर असतो.

भिंतीवर टांगायचा कमोड हवा असेल तर गोष्ट आणखी आधी सुरू होते. त्याची टाकी आणि लोखंडी फ्रेम भिंतीत जाते. चार इंची भिंत खोदून ती बसवायला गेलात तर पलीकडच्या बेडरूमच्या भिंतीला तडा जायचा. त्यासाठी पुढे वेगळी बुटकी भिंत घ्यावी लागते. जुन्या चार बाय सातच्या बाथरूममध्ये त्या सात-आठ इंचांचं मोल किती, ते तिथे रोज आंघोळ करणाऱ्यालाच कळतं.

डायव्हर्टरचंही तसंच. गरम-गार पाणी शॉवरला द्यायचं की खालच्या नळाला, हे ठरवणारी पितळी बॉडी भिंतीत पुरली जाते आणि वर दिसते ती फक्त चकचकीत पट्टी आणि दांडा. बॉडीवर प्लॅस्टिकचं टोपण असतं, त्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. आता सांगा, टाइलची जाडी माहीत नसताना प्लंबरने झिरी किती खोल मारायची? साधी सिरॅमिक आठ मिलिमीटरची, मोठी व्हिट्रिफाइड दहाची, आणि हौस म्हणून एका भिंतीला नैसर्गिक दगड लावायचा म्हटलं तर तो वीसचा. म्हणजे रंग आणि डिझाइन नंतर ठरवा, पण टाइलचा प्रकार आणि जाडी एवढं डायव्हर्टरच्या दिवशी ठरलेलंच हवं. बॉडी आणि वरचा भाग एकाच कंपनीचा घ्या. बॉडी स्वस्तातली आणि पट्टी भारीतली अशी सोयरीक जमत नाही.

शॉवरबद्दल मात्र मी कठोर आहे. शोरूममध्ये ताटाएवढा शॉवर धो धो वाहतो, कारण तिथे पंप लावलेला असतो. घरी दाब टाकीच्या उंचीवरून येतो: दहा मीटर उंचीला साधारण एक बार (बार म्हणजे दाब मोजायचं एकक). तुम्ही शेवटच्या मजल्यावर राहत असाल, तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तुमच्या शॉवरच्या जेमतेम तीन-चार मीटर वर असतं. म्हणजे ०.३ ते ०.४ बार. एवढ्या दाबात त्या ताटातून पाणी गळतं, पडत नाही. गिऱ्हाइकाला मजला विचारल्याशिवाय मी शॉवरवर मत देत नाही. प्रेशर पंप लावता येतो, पण त्याची घरघर, त्याचा वेगळा पॉइंट आणि सोसायटीची परवानगी, हे तिन्ही काम सुरू होण्याआधी बघायचं. बोअरचं जड पाणी असेल तर शॉवरची भोकं रबराची घ्या, अंगठ्याने चोळली की क्षार निघतात.

नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं), वॉटरप्रूफिंग आणि उतार यांवर कोणी मला कधी काही विचारत नाही, म्हणून न विचारताच सांगते. वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरा आणि किमान दोन दिवस ठेवा. खालच्या शेजाऱ्यांना आधीच सांगून त्यांचं छत बघून या. मिस्त्रीला घाई असते, तुम्हाला नसावी. उतार मीटरला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर. आणि इथे टाइलचा आकार आडवा येतो: दोन बाय चार फुटांची टाइल सगळीकडून जाळीकडे उतरवता येत नाही, ती कापावीच लागते. छोट्या बाथरूमच्या जमिनीला एक बाय एक फूटच बरी, खरखरीत पृष्ठभागाची. भिंतीला हवी तेवढी मोठी लावा.

टाइल्सकडे आलोच आहोत तर थोडक्यात. बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीचाच असतो, दुकान कुठलंही असो. खोक्यावर शेड आणि बॅचचा नंबर असतो. सगळी खोकी एकाच नंबरची आहेत ना, ते टेम्पोतून उतरवतानाच बघा, लावल्यावर नाही. दहा टक्के जास्त घ्या आणि उरलेलं एक खोकं माळ्यावर जाऊ द्या. जुनी फरशी न तोडता त्यावरच नवी लावायची असेल तर जमीन १२ ते १५ मिलिमीटर वर येते. दारं खालून तासावी लागतील, आणि बाथरूमचा उंबरठा त्या मानाने खाली जाऊन पाणी बाहेर यायला लागेल. हा हिशेब टाइल पसंत करायच्या आधीचा.

स्वयंपाकघरात माझा क्रम असा: चिमणीचं भोक कुठल्या भिंतीतून, फिल्टरचं पाणी कुठून, डिशवॉशरचा नळ आणि सांडपाणी कुठे, मग सिंक, मग ओटा. सिंक प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय ग्रॅनाइट कापू देऊ नका. कपाटांना सिंकखाली आयएस ७१० चा शिक्का असलेलं, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन प्लायच हवं. बाकी घरात साधं चालतं, तिथे उगाच पैसे घालू नका.

ओट्याची उंची मात्र कॅटलॉगमधून घ्यायची नाही. काम करणाऱ्याच्या कोपरापासून चार-पाच इंच खाली, हा सोपा हिशेब. मी विचारते, "स्वयंपाक कोण करतं?" नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. बहुतेक घरांत खरं उत्तर "मावशी" असं असतं, आणि मावशी पाच फुटांच्या आत असतात. साडेचौतीस इंचांच्या ओट्यावर दोन वेळच्या पोळ्या लाटायच्या म्हणजे त्यांना पाटावर उभं राहावं लागतं. आता मी ओट्याची रेघ भिंतीवर मारायच्या दिवशी मावशींनाच साइटवर बोलावून घ्यायला सांगते. काही घरमालकिणींना ते रुचत नाही. तिथे मी पोळ्यांपुरता ओट्याचा एक तुकडा दोन इंच खाली घ्यायला सुचवते. खर्च फारसा वाढत नाही, ग्रॅनाइटला फक्त एक कड जास्त येते.