तुम्ही विचारलंत म्हणून: घड्याळाला आजार कळतो का?

प्रश्न साधारण असा असतो: "मनगटावरचं घड्याळ रात्रंदिवस ठोके, झोप, पावलं मोजतं. आपण कुठे जातो, किती वेळ स्क्रीनला चिकटलेले असतो, हे फोनला माहीत असतं. मग या सगळ्या डेटावरून आजार आधीच ओळखता येत नाही का? शरीराचं एक वेळ ठीक आहे, पण मनाचं? डिप्रेशन कळतं का?"

काहीतरी बदललंय, एवढं बऱ्यापैकी कळतं. काय बदललं ते क्वचित कळतं. आणि का बदललं हे कळण्यासाठी अजूनही कुणीतरी समोर बसून विचारावं लागतं. एवढ्यावर विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी मोजमाप नेमकं कशाचं होतं ते बघू. घड्याळाच्या पाठीला हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते, परत फिरणारा प्रकाश किंचित कमी होतो आणि शेजारचा सेन्सर ती घट टिपतो. म्हणजे घड्याळाला हृदय दिसतच नाही, दिसते ती मनगटापर्यंत पोचलेली लाट. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो. हात गारठलेला असेल तर लाटच क्षीण असते. मनगटावर गडद टॅटू असेल तर प्रकाश शाईतच जिरतो. धावताना आणखी एक गंमत होते. हात पावलांच्या लयीत हलतो आणि सॉफ्टवेअर कधीकधी तीच लय ठोके समजून मोजतं. मिनिटाला १६५ पावलं पडत असतील तर घड्याळ १६५ ठोके दाखवतं, खरे ठोके तेव्हा १४० असू शकतात. आलेखाने एकदम उडी मारली आणि वर जाऊन तो सपाट झाला, की पहिला संशय याचा घ्यावा. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि त्वचेला नीट टेकलेला असला की यातला बराच गोंधळ कमी होतो.

म्हणून आकडे बघायचेच असतील तर रात्रीचे बघा. हात स्थिर, जेवण पचलेलं, जिने चढणं नाही, वाद नाहीत. झोपेतले किमान ठोके हा आकडा मला सगळ्यांत कामाचा वाटतो. झोपेचे तास त्याखालोखाल; फक्त एक लक्षात ठेवायचं, की छताकडे बघत निश्चल पडून राहिलेल्या माणसाला घड्याळ बहुतेक वेळा झोपलेलाच धरतं. निद्रानाश असलेल्यांचे झोपेचे तास त्यामुळे फुगतात. गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती, हे रंगीत पट्टे तर सोडूनच द्या. झोपेच्या अवस्था खऱ्या ठरतात त्या झोपेच्या प्रयोगशाळेत, मेंदूच्या विद्युतलहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण एकत्र बघून, आणि तेही तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून. मनगटावरून होतो तो अंदाज.

आता इशाऱ्यांचं गणित. "आमची अचूकता ९० टक्के" असं कुणी म्हणालं, तर मी एकच प्रश्न विचारते: हजारातल्या किती जणांना तो आजार आहे? समजा पाच टक्के लोकांना नैराश्य आहे, म्हणजे हजारात पन्नास. चाचणी आजारी माणसांपैकी ८० टक्के पकडते, म्हणजे चाळीस. निरोगी ९५० जणांपैकी ९० टक्क्यांना ती बरोबर सोडून देते. उरलेल्या दहा टक्क्यांना, म्हणजे ९५ जणांना, उगाच धरते. एकूण इशारे १३५, त्यांतले खरे ४०. दहा जणांना इशारा गेला तर सात जण विनाकारण घाबरणार आणि ज्यांना खरंच त्रास आहे असे पन्नासातले दहा जण "सगळं ठीक आहे" असं वाचून निर्धास्त होणार. यात चाचणी बनवणारा कुठेच खोटं बोललेला नाही. आजार जितका विरळा, तितकं हे गणित आणखी बिघडतं.

याचं प्रत्यक्षातलं उदाहरण अ‍ॅपल वॉचवरच्या मोठ्या अभ्यासात सापडतं. हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा एक प्रकार, एट्रियल फिब्रिलेशन, घड्याळाला सापडतो का हे त्यात बघितलं होतं. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ४,१९,२९७ लोकांपैकी इशारा गेला २,१६१ जणांना, म्हणजे जेमतेम अर्ध्या टक्क्याला. त्यांना छातीवर चिकटवायची ईसीजी पट्टी पाठवली. ती लावून परत पाठवलेल्या ४५० जणांपैकी ३४ टक्क्यांत हा आजार दिसला. उरलेल्यांचे इशारे खोटेच होते का? तसंही म्हणता येत नाही. ही अनियमितता येते-जाते आणि पट्टी लागेपर्यंत दिवस उलटलेले होते. घड्याळ आणि पट्टी एकाच वेळी अंगावर असताना आलेले इशारे मात्र ८४ टक्के वेळा जुळले. एकाच अभ्यासातले दोन आकडे, आणि जाहिरातीत कुठला छापायचा हे छापणाऱ्याच्या हातात.

हजार अनोळखी माणसांशी तुलना केली की हे असं होतं. तुमची तुलना तुमच्याशीच केली तर चित्र बरंच सुधारतं. कुणाचे रात्रीचे ठोके ४८ असतात, कुणाचे ७०, आणि दोघंही ठणठणीत. पण ४८ वाल्याचे सलग तीन रात्री ५६ झाले तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट आहे. त्यासाठी 'नेहमीचं' काय ते आधी ठरवावं लागतं: मागच्या चार आठवड्यांच्या रात्री घ्या आणि त्यांचा मध्यक काढा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. सरासरी नको, कारण तापातल्या दोन रात्रीसुद्धा सरासरी वर ओढतात. तापात अंगाचं तापमान एक अंश सेल्सिअसने चढलं की ठोके साधारण दहाने वाढतात, म्हणून संसर्गाची चाहूल इथे लवकर लागते. स्टॅनफर्डच्या गटाने २०२० मध्ये कोविड झालेल्या ३२ जणांचा घड्याळाचा डेटा तपासला. त्यांपैकी २६ जणांच्या ठोक्यांत, पावलांत किंवा झोपेत बदल दिसला, आणि बऱ्याच जणांत तो लक्षणं सुरू व्हायच्या आधीच दिसला.

पण तसाच बदल आदल्या रात्री घेतलेल्या दारूने होतो. उशिरा जेवल्याने, उकाड्याने, लसीने, रात्रभराच्या प्रवासानेही होतो. मासिक पाळीच्या उत्तरार्धात ठोके दोन-चारने वाढतात, तापमानही किंचित चढतं. हे न धरणारं सॉफ्टवेअर बायकांना दर महिन्याला आजारी ठरवणार. उलट बीटा-ब्लॉकर (ठोके मंद ठेवणारी गोळी) घेणाऱ्याला ताप आला तरी ठोके फारसे वाढत नाहीत आणि घड्याळ गप्प राहतं.

मनाच्या आजाराकडे वळलं की अडचण वेगळ्या जातीची होते. मधुमेहाला एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ताची चाचणी) आहे, ६.५ टक्के किंवा जास्त आलं की काय ते ठरलेलं आहे. नैराश्याला अशी रक्ताची चाचणी नाही. मग संगणकाला शिकवताना 'या माणसाला नैराश्य आहे' हे कशावरून सांगायचं? बहुतेक अभ्यासांत ते पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवरून सांगतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त गुण आले की पुढची तपासणी करायची. प्रश्नावली चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण तिच्यातले प्रश्न नीट वाचा. झोपेचा प्रश्न आहे: झोप लागत नाही, मध्येच मोडते, किंवा फार झोप येते. भुकेचा: भूक लागत नाही किंवा फार खाल्लं जातं. हालचालीचा: इतरांच्या लक्षात येण्याइतकं मंद होणं किंवा उलट, एका जागी बसवतच नाही इतकी चुळबुळ. समजा दोन माणसांना बारा-बारा गुण मिळाले. एक रात्री तीन तास झोपतो आणि घरभर येरझाऱ्या घालतो. दुसरा बारा तास झोपतो आणि अंथरूण सोडत नाही. घड्याळातला त्यांचा डेटा एकमेकांच्या थेट उलट, आणि संगणकाला मात्र आपण सांगतोय की दोघांचा आजार एकच. त्याने बिचाऱ्याने शिकायचं काय?

फोनच्या डेटावरून थोडं जास्त हाती लागतं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २०१५ मध्ये २८ जणांच्या दोन आठवड्यांच्या जीपीएस नोंदी पाहिल्या गेल्या. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी असण्याची दिनचर्या ज्यांची विस्कटलेली होती, त्यांचे पीएचक्यू-९ चे गुण जास्त होते. सूत्र पटण्यासारखं आहे, पण माणसं २८. शिवाय पायाला प्लास्टर, परीक्षा, बाळंतपण, घरून काम, यांतल्या कशानेही जीपीएस तसंच दिसतं. मला जास्त आश्वासक वाटतो तो २०१८ चा स्किझोफ्रेनियाचा अभ्यास. रुग्ण अवघे १७, पण प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या वागण्याशी केलेली. आजार पुन्हा उसळण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत फिरण्यातले आणि फोन-मेसेजमधले वेगळेपण इतर काळापेक्षा ७१ टक्क्यांनी जास्त होतं. निदान आधीच झालेलं आहे, माणूस ओळखीचा आहे, प्रश्न फक्त 'परत सुरू होतंय का' एवढाच आहे. डेटा इथे खरा उपयोगी पडतो. बायपोलर (कधी अति उत्साह, कधी नैराश्य असा मनाचा आजार) असलेल्यांतही तेच. चार तास झोपूनही थकवा नाही आणि सलग तीन-चार रात्री हेच चाललंय, तर डॉक्टरांना फोन करायला हरकत नाही.

कुणी फारसं न सांगणारी गोष्ट म्हणजे रिकाम्या जागा. माणूस मनाने खचला की घड्याळ चार्ज करणं राहून जातं. म्हणजे ज्या आठवड्याचा डेटा सगळ्यांत महत्त्वाचा, नेमका तोच गायब. काही सॉफ्टवेअर ती जागा सरासरीने भरतात, आणि खचलेला माणूस आलेखात नेहमीसारखा दिसतो. काही तिथे शून्य पावलं दाखवतात, आणि घड्याळ घरी विसरून हिंडून आलेला माणूस आलेखात अंथरुणाला खिळतो. पावलांचा कुठलाही आलेख वाचताना त्या दिवशी घड्याळ किती तास हातावर होतं ते आधी बघा. संशोधनात सहसा दहा तासांहून कमी असलेला दिवस मोजतच नाहीत. आणि न घातलेले दिवस पुसून टाकू नका. तीही नोंदच आहे.

रुग्णालयांतल्या नोंदींचीही हीच कथा, फक्त उलटी. बोस्टनच्या दोन रुग्णालयांतल्या नोंदींवरचा २०१८ चा अभ्यास आहे. १७४ चाचण्यांपैकी ११८ चाचण्यांत, निकालात आकडा काय आला यापेक्षा चाचणी कधी सांगितली गेली, यावरून रुग्ण तीन वर्षं जगेल का याचा अंदाज जास्त चांगला आला. कारण साधं आहे. रात्री तीन वाजता पांढऱ्या पेशी मोजायला कुणी हौसेने सांगत नाही. तेव्हाच्या डॉक्टरला काहीतरी खटकलेलं असतं. असल्या डेटावर शिकलेलं मॉडेल शरीर वाचत नसतं, डॉक्टरची काळजी वाचत असतं. दुसऱ्या रुग्णालयात, जिथे कामाच्या सवयी वेगळ्या, तिथे नेलं की ते गडबडतं.

आणि शरीर-मन अशी विभागणी आकड्यांत नसतेच. पावलं कमी, झोप जास्त, ठोके मंद, वजन वाढतंय: हे नैराश्य असेल किंवा थायरॉइड मंदावलेला असेल. थकवा आणि लक्ष न लागणं: बी१२ ची कमतरता, हिमोग्लोबिन कमी, झोपेत श्वास अडकणं, की मन? म्हणून डिप्रेशनची शंका असताना टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी), बी१२, हिमोग्लोबिन करून घेतात, आणि घोरणं व दिवसा पेंगणं असेल तर झोपेचा अभ्यास. ते वेळकाढूपणासाठी नसतं. उलट बाजूही खरी: हृदयविकाराच्या झटक्यानंतर नैराश्य बऱ्याच जणांना येतं, आणि तेव्हा कमी झालेली पावलं नुसत्या हृदयाच्या खात्यावर टाकून चालत नाही.

डॉक्टरांकडे काय न्यायचं, हेही विचारलं जातं. तीन महिन्यांचे दोनशे स्क्रीनशॉट नेऊ नका, कुणी बघत नाही. एक कागद पुरे. त्यावर आठवड्याला एक ओळ: रात्रीच्या ठोक्यांचा मध्यक, झोपायची आणि उठायची वेळ, घड्याळ घातलेले दिवस. शेजारी तुमच्या हाताने दोन शब्द: नवी गोळी सुरू, रात्रपाळी, सर्दी, घरात आजारपण. हा शेवटचा रकाना नसेल तर बाकीच्यांना अर्थ नाही. जमलं तर पीएचक्यू-९ दर दोन आठवड्यांनी, रोज नाही. प्रश्नच दोन आठवड्यांबद्दल आहेत.

रक्तदाब असेल तर मनगटाच्या घड्याळावर विसंबू नका, दंडावर गुंडाळायचं यंत्र घ्या. पट्टा दंडाच्या घेराला बसणारा हवा. लहान पडला तर दाब खोटा जास्त येतो. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि एकमेकांवर न टाकलेले, दंड हृदयाच्या पातळीला, बोलणं बंद. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगरेट, व्यायाम नको, आणि लघवी तुंबलेली नको. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर तो वाढलेला दाब. जास्त आला म्हणून लगेच पाचदा मोजून त्यातला सगळ्यांत कमी आकडा लिहिणारे पुष्कळ असतात. तसं करायचं असेल तर मोजूच नका.

डेटा कुणाला देताना 'नाव काढून टाकलंय' यावर फार भिस्त ठेवू नये. पंधरा लाख लोकांच्या मोबाइल नोंदींवरच्या २०१३ च्या अभ्यासात, माणूस कुठे आणि केव्हा होता असे फक्त चार बिंदू ९५ टक्के लोकांना गर्दीतून वेगळं काढायला पुरेसे ठरले. झोप मोजणाऱ्या अ‍ॅपला तुमचं ठिकाण लागत नाही. ती परवानगी काढून टाका.

दोन ठिकाणी मात्र यातलं काहीच बघत बसायचं नाही. घड्याळातला ईसीजी एकाच दिशेने हृदय बघतो, रुग्णालयातला बारा लीडचा, म्हणजे बारा दिशांनी बघणारा असतो; घड्याळाच्या ईसीजीत हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही. छातीत दाटून आलंय, घाम फुटलाय आणि पडद्यावर 'नॉर्मल' लिहिलंय, तर पडदा बाजूला ठेवून रुग्णालय गाठा. आणि पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न, मरण बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, याचं उत्तर शून्य सोडून काहीही असेल तर बेरीज करायला थांबू नका. एकूण गुण चार असले तरी त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, आणि सांगणारं घरचंच कुणी असेल तर त्यांना एकटं सोडू नका.