हात वर केल्यानं नाळ गुंडाळत नाही

मी बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे हे कळलं की तासगाव-कवठेमहांकाळकडच्या बायका बाजूला घेऊन विचारतात, "सिस्टर, बाळ पोटातच गेलं. गळ्याला नाळ होती म्हणे. पोरीनं द्राक्षबागेत घडांच्या विरळणीला हात वर धरले, त्यानं झालं का हो?"

नाही. द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर हात वर धरले, कपडे वाळत घातले, दोरी ओलांडली, यातल्या कशानंही नाळ गुंडाळत नाही. नाळ साधारण 50 ते 60 सेंटिमीटर लांब असते. बाळ पाण्यात कोलांट्या घेतं, त्यात वेढा बसतो. कधी बाळच त्या वेढ्यातून पार जातं आणि गाठ पडते. शंभरात एखाद्या नाळेला अशी खरी गाठ असते.

आणि वेढा म्हणजे मरण नव्हे. चार-पाच बाळांमागे एकाच्या मानेभोवती तो असतोच. आम्ही बोटानं सोडवतो, बाळ रडतं, घरच्यांना सांगायचंही राहून जातं. नाळेतल्या तिन्ही रक्तवाहिन्यांभोवती घट्ट जेली असते, ती दाब सोसते. धोका होतो तो गाठ करकचून आवळली तर, किंवा पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फुटल्यावर नाळ बाळाच्या आधी खाली घसरून चेपली तर. त्यामुळे नुसता वेढा दिसला म्हणून "नाळेनं गेलं" म्हणणं मला पटत नाही. वार (प्लॅसेंटा) आणि नाळ तपासायला पाठवा म्हणून डॉक्टरांना सांगा, मन तयार असेल तर बाळाचीही तपासणी करा. वारेतला दोष, आईचं बीपी, साखर, जंतुसंसर्ग, काही सापडलं तर पुढच्या खेपेला त्यावर लक्ष ठेवता येतं.

पुढच्या खेपेला बाळाच्या फिरण्याकडे लक्ष द्या. शेवटच्या महिन्यात बाळ शांत होतं, हे खरं नाही. ते शेवटपर्यंत फिरतं. रोजच्यापेक्षा कमी वाटलं तर त्याच वेळी, रात्र असली तरी, दवाखाना गाठून ठोके बघून घ्या. साखरपाणी पाजून सकाळची वाट बघत बसू नका.

आणि जिचं बाळ गेलं, तिच्या घरात पाळणा नसला तरी ती बाळंतीणच आहे. तिलाही दूध येतं, छाती दाटून ठणकते, अंगावरून जातं. तिला बाळंतिणीची विश्रांती द्या, जेवण द्या आणि छातीच्या दुखण्याबद्दल सिस्टरला विचारायला लाजू नका.