तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लोअरवर आधी कोण उतरतं?

"लोकांना नाचायला उठवता कसं हो?" गोव्यात डिचोलीपासून काणकोणपर्यंत कुठल्याही लग्नात मी डीजेचं सामान उतरवताना कुणीतरी हे विचारतंच. घाईत मी "गाणी बरी लावायची" एवढंच बोलतो आणि वायरी ओढायला लागतो. ते उत्तर अपुरं आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

नाचायचं नसतं म्हणून माणसं बसून राहत नाहीत. रिकाम्या फ्लोअरवर आपणच आधी जायचं आणि सगळ्या हॉलने आपल्याकडे बघायचं, याची लाज वाटते. हे मला उशिरा कळलं. फोंड्याच्या एका लग्नात मी नवऱ्यामुलाच्या मामांना माइकवरून नाव घेऊन बोलावलं. मामा उठले ते थेट बाहेर गेले, जेवायलाही आत आले नाहीत. भाच्याच्या लग्नात मी त्यांना ओशाळं केलं, याचं आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी नाव घेऊन कुणाला हाक मारत नाही, आणि फ्लोअरवरचे पांढरे दिवे आधी मंद करून घेतो.

मग पाय बघत बसतो. खुर्चीखाली कुणाची चप्पल ठेका धरतेय? बहुतेक वेळा ती पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची असते. चवथीची (गणेशचतुर्थीची) फुगडी, धालो हा बायकांचा समूहनाच, यांत त्या वर्षानुवर्षं एकत्र पाऊल टाकत आलेल्या असतात. एकटीने नाचायचा प्रश्नच नसतो. चवथीला आमच्या वाड्यावर पोरांनी नुसतं घुमट (मातीच्या मडक्याचं चर्मवाद्य), शामेळ (ढोलासारखं वाद्य) आणि कांसाळं (झांजा) वाजवलं होतं, ते मी रेकॉर्ड करून ठेवलंय. बेस पार खाली घेऊन ते हळू सोडतो. एकदा एका आजीने ते ऐकलं, हातातला सरबताचा ग्लास खुर्चीखाली ठेवला, पदर खोचला आणि नातसुनेचं मनगट धरलं. दोन गिरक्या झाल्या नाहीत तोच फुगडीची "फू, फू" सुरू! मागोमाग जावा-नणंदा आल्या, पोरं घुसली. मोबाइलवर शूटिंग करायला कडेला आलेले पुरुष तिथेच डुलायला लागले, तेव्हा कुठे मी बेस वर घेतला.

सासष्टीतल्या ख्रिस्ती लग्नात फ्लोअर नवरा-नवरी उघडतात, तिथे हे काम सोपं. पण कोंकणी गाण्यांतला संथ मांडो आधी आणि उडतं दुलपद मागाहून, हा तिथला क्रम मी सगळीकडे पाळतो. जोरकस गाणं आधी लावलं तर पुढे न्यायला काही उरत नाही.

एक गोष्ट यजमानांच्या हातात असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्या लॉनवर रात्री १० ला स्पीकर बंद करायचा. ९ ला जेवण उघडलं की भरलेला फ्लोअर मोडतो आणि परत जमेपर्यंत १० वाजतात. म्हणून नवरीच्या वडिलांना आदल्या दिवशीच फोन करून विनवतो, जेवण आठला काढा. शेवटची दहा मिनिटं मी पुन्हा घुमटावर येतो. ज्या बायकांनी फ्लोअर उघडला, त्यांची एक फुगडी पुरी होऊ देतो आणि मगच आवाज खाली घेतो.